दूताचं भाषण

नाटकाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर,
म्हणून ऑडिशनच्या टेबलाशी मी,
रसायनशास्त्राचा मास्तर,
बोटांवर अजून आयोडीनचे डाग.
बाईंनी चिठ्ठीत एवढंच लिहून ठेवलंय:
‘जो बोलेल त्याला घ्या,
जो म्हणून दाखवेल त्याला नको.’
हा फरक कुठल्या लिटमसनं ओळखायचा
ते लिहिलेलं नाही.

कालिम्नोस बेटावरच्या शाळेची व्यायामशाळा.
भिंतीला दोर, खाली घामट गाद्या,
खिडकीतून बंदरावरच्या डिझेलचा वास.
अडीच हजार वर्षं जुनं नाटक.
दूत येतो, आईला सांगतो: मुलगा बुडाला.
बावीस ओळी.

तीन वाजल्यापासून नऊ दूत येऊन गेले.
थेमेलिसनं ‘हे राणी’ला उजवा हात वर केला
तो ‘लाटा’ येईपर्यंत खाली आणलाच नाही.
एकीनं गुडघे टेकले,
टेकण्याआधी गादी जवळ ओढून घेतली.
एकाच्या आवाजात रविवारचा पाद्री,
दुसऱ्याच्या आवाजात त्याच पाद्र्याची नक्कल.
सगळ्यांचं तोंडपाठ,
आणि तोंडापुरतंच.

मग सेवस्ती आली. साकेलारिसांची धाकटी.
दप्तर खांद्यावरच.
दार अर्धं उघडं ठेवून तिथंच थांबली.
‘थोडं पाणी मिळेल?’
मी माझी बाटली पुढे केली.
प्यायली नाही; झाकण उघडलं, पुन्हा लावलं.
‘वारा पडलाय आज.’
यादीत तिचं नाव शोधत मी ‘हो’ म्हणालो.

‘राणी,’ ती म्हणाली,
मासळीचा भाव विचारावा तशा आवाजात,
आणि तेव्हा कळलं
भाषण मघाशीच सुरू झालं होतं.

‘समुद्र तेलासारखा होता.
सगळ्यांनी पाहिलं त्याला उतरताना,
दगड छातीशी धरून, हसत.’
इथे तिनं घसा साफ केला. दोनदा.
नजर माझ्या डोक्यामागच्या घड्याळावर.
‘आम्ही दोर मोजत होतो.
मग मोजायचं थांबलो.’
अंगठ्यानं झाकण फिरवत राहिली,
उघडं, बंद, उघडं.

दोनदा घसा साफ करणारा हा माणूस
मला ठाऊक आहे.
रोज भेटतो, फळा पुसण्याआधी.
पोरं त्याची नक्कल करतात,
मी पाहिलं नाही असं दाखवतो.

दोन वर्षांमागचा जानेवारी.
याकूमिस, तिचा भाऊ,
माझ्याच वर्गातून बोटीवर गेलेला.
मी बंदरावर सहज आलो होतो,
कोणीतरी म्हणालं, ‘मास्तर, तुम्हीच जा,
तुम्हाला बोलता येतं.’

मी गेलो. दार अर्धं उघडं ठेवून
तिथंच थांबलो.
पाणी मागितलं. वारा पडल्याचं बोललो.
आई म्हणाली, बसा. मी बसलो नाही.
घड्याळाकडे पाहत सांगितलं
जेवढं सांगायचं तेवढं.
जिन्याच्या पायरीवर एक मुलगी,
हातात अर्धं सोललेलं संत्रं.
तिच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.
तिनं पाहिलं होतं
माझा अंगठासुद्धा.

बावीस ओळी संपल्या.
कागदावर रकाने: उच्चार, हावभाव, पाठांतर.
माझं पेन उच्चारावर टेकलेलं,
तिथं शाईचा ठिपका वाढत चाललेला.

‘सर,’ ती म्हणाली, आता तिच्या नेहमीच्या आवाजात,
‘हात वर करायचा राहिला.
करायला हवा होता का?’

मी घसा साफ करणार होतो.
केला नाही.
‘नको,’ म्हणालो,
आणखी काही म्हणणार तोवर
तिनं बाटली टेबलावर ठेवली, झाकण घट्ट लावून,
आणि दारापलीकडच्या दहाव्या दूताला
कोपरानं ढोसून म्हणाली,
‘जा आत. ओरडू नको हं,
सर अगदी जवळ बसलेत.’